वऱ्हाडचा राजपुत्र आणि हिंगोलीची छावणी

२४ ऑक्टोबर १९३६ रोजी हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान आणि इंग्लंडचा राजा एडवर्ड आठवा यांच्यात वऱ्हाडविषयी करार झाला. वऱ्हाड मध्य प्रांताबरोबर एकाच गव्हर्नरच्या हाताखाली राहील, कारभार इंग्रजांचाच चालेल, मात्र प्रदेशावरचे निजामाचे सार्वभौमत्व मान्य केले जाईल, असे त्याचे सार. त्याच वेळी दोन किताब ठरले. निजामाने यापुढे ‘हैदराबाद व बेरारचा निजाम’ म्हणवून घ्यायचे आणि गादीच्या वारसाने ‘हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, हे नाव लावायचे. थोरला मुलगा आझम जाह हा पहिला प्रिन्स ऑफ बेरार झाला आणि त्याची पत्नी, शेवटचा उस्मानी खलिफा अब्दुल मजीद याची मुलगी दुर्रुशेहवार, प्रिन्सेस ऑफ बेरार झाली. ज्या राजाच्या नावाने हा करार झाला तो स्वतः १९१० पासून त्याच वर्षीच्या जानेवारीपर्यंत प्रिन्स ऑफ वेल्स होता आणि करारानंतर दोन महिन्यांच्या आत त्याने गादी सोडली. वेल्सचा किताब नुकताच खाली ठेवलेल्या माणसाच्या नावाने वऱ्हाडचा किताब निघाला, हा योगायोग खरा. पण वारसाला एखाद्या प्रदेशाच्या नावाने ओळखायची रीत इंग्लंडची होती. आसफजाही घराण्यात ती कधीच नव्हती.

माझे म्हणणे असे की या किताबाची मुळे लंडन किंवा दिल्लीत शोधण्याआधी हिंगोलीत शोधावी लागतात. १८१९ च्या सुमारापासून १९०३ पर्यंत हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचे मोठे ठाणे होते. शहरातल्या रिसाला बाजाराच्या नावात त्या घोडदळाची आठवण अजून टिकून आहे. या फौजेच्या पगारापायी निजामावर कर्ज चढले, त्या कर्जापायी १८५३ साली वऱ्हाड गेले आणि गेलेल्या वऱ्हाडाची भरपाई म्हणून ८३ वर्षांनी किताब आला. जमीन काढून घेऊन नाव परत देण्याचा हा व्यवहार इंग्रजांना सहज सुचला, कारण त्यांच्या स्वतःच्या सरदारवर्गात जमीन आणि किताब यांची फारकत कित्येक शतकांपूर्वीच झाली होती. मराठवाड्यात मात्र हक्काचे नाव आणि हक्काची जमीन एकमेकांना बांधलेली होती. म्हणूनच हा किताब इथे रुजला नाही आणि दुसऱ्या पिढीपर्यंतही पोचला नाही.

इंग्लंडमध्ये किताब कसा जन्मतो आणि कसा उतरतो, ते आधी पाहायला हवे. मुळात अर्ल म्हणजे एखाद्या परगण्याचा कारभारी आणि बॅरन म्हणजे राजाकडून थेट जमीन घेणारा जमीनदार. पुढे राजा सनद देऊन किताब निर्माण करू लागला. १३८७ साली दुसऱ्या रिचर्डने जॉन ब्यूशॅम याला सनदेने बॅरन केले, ते याचे पहिले उदाहरण मानतात. अशा सनदेत एक कलम फार महत्त्वाचे असते: किताब पुढे कुणाकडे जाईल? बहुतेक सनदांत तो मूळ धारकाच्या औरस पुरुष संततीपुरताच बांधलेला असतो. थोरल्या मुलाला सगळे मिळते, धाकट्यांना काही नाही. मुलगा नसेल आणि सनदेत दुसरी सोय नसेल तर किताब संपतो, दत्तक घेऊन तो वाचवता येत नाही. किताबात ज्या जागेचे नाव असते तिथे धारकाची वीतभर जमीन असायलाही हवी असे नाही. डेव्हनशायरच्या ड्यूकचे मुख्य घर चॅट्सवर्थला, डर्बीशायरमध्ये आहे. खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स हा किताबही जन्माने मिळत नाही. थोरल्या राजपुत्राला कॉर्नवॉलची डची १३३७ च्या सनदेमुळे आपोआप मिळते, पण वेल्सचा किताब राजाने दर वेळी नव्याने द्यावा लागतो. पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकून घेतला आणि १३०१ मध्ये आपल्या मुलाला त्या जिंकलेल्या मुलखाचे नाव दिले. नाव वेल्सचे, सत्ता लंडनची, हा साचा तेव्हापासूनचा.

आपल्याकडच्या हक्कांची घडण याहून निराळी होती. कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव या भागांत ज्याला मान होता तो देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांना, आणि तो वतनाचा मान होता. वतन म्हणजे हक्क, लाजिमे, इनाम जमीन आणि त्याबदल्यात करायची चाकरी, असे सगळे एकत्र. ते भाऊबंदांत वाटले जाई. वडीलकीचा मान थोरल्या शाखेकडे राही, पण वाट्यावर धाकट्यांचाही हक्क असे. मुलगा नसला तर दत्तक घेता येई आणि विधवेच्या नावाने वतन चाले. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभा बसे आणि महजर होई, सरकारी हुकमाइतकेच वजन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीला असे. याच्या वरच्या थरात निजामाचे किताब होते: मुसलमान अमिरांना जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह आणि हिंदू सरदारांना राजा, राजाबहादूर, वंत. ही मोगलांची रीत. किताब माणसाला मिळे आणि माणसाबरोबर संपे. मुलाला तोच हवा असला तर तो नव्याने मागावा लागे. दिवाण सालारजंगाच्या घराण्यात तीन पिढ्यांना ते नाव मिळाले, ते दर वेळी निजामाने दिले म्हणून. खुद्द ‘आसफ जाह’ हा किताब मोगल बादशहा मुहम्मदशहाने पहिल्या निजामाला दिलेला वैयक्तिक मान. वापराने तो घराण्याचे नाव झाला. म्हणजे दख्खनमध्ये जे वंशपरंपरेने चाले ते जमिनीशी बांधलेले वतन होते आणि जे निव्वळ नाव होते ते वंशपरंपरेचे नव्हते. प्रिन्स ऑफ बेरार हा इथला पहिला असा किताब, जो एकाच वेळी जमिनीवाचून होता आणि वंशपरंपरेचाही होता.

आता हिंगोलीकडे वळू. १८०० च्या तहात निजामाने एवढेच कबूल केले होते की युद्ध झाले तर तो इंग्रजांच्या मदतीला ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ पाठवील. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कायमची फौज पोसण्याचे त्यात कुठेच नव्हते. पण रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमाराला हैदराबादेत आपल्या नावाची ब्रिगेड उभी केली, औरंगाबाद आणि वऱ्हाडाकडे घोडदळाची नवी मांडणी झाली आणि दिवाणीचा कारभार प्रत्यक्षात चालवणाऱ्या चंदूलालने त्याला मान तुकवली, कारण त्याची स्वतःची खुर्ची रेसिडेंटच्या मर्जीवर टिकून होती. पगार दरमहा रोख द्यायचा होता आणि खजिन्यात रोकड नव्हती. ती विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने भारी व्याजाने पुरवली. या पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड. मद्रासचा गव्हर्नर असलेल्या त्याच्या आजोबाला १७७९ साली बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळाला होता आणि तो नातवाकडे उतरला होता. रंबोल्डची बायको गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या घरात वाढलेली, त्याच्या पालकत्वाखालची मुलगी. युरोपियांनी संस्थानिकांना कर्ज देण्याला असलेली कायद्याची मनाई १८१६ साली हेस्टिंग्जने या पेढीपुरती उठवली. इंग्रजी किताबाचे आपल्या भागातले पहिले काम हे असे होते: नावाच्या वजनावर पत उभी राहिली आणि त्या पतीवर निजामाचे कर्ज. नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने १८२० नंतर या पेढीविरुद्ध उभे राहून तिचा हिशेब बाहेर काढला, हे त्याच्या श्रेयाचे. १८२३ मध्ये पेढीचे देणे भागवण्यासाठी उत्तर सरकार या मुलखापोटी कंपनीकडून निजामाला मिळणारी सालीना ७ लाखांची पेशकश कायमची विकली गेली आणि त्यापोटी सुमारे १ कोटी १६ लाख रुपये उभे राहिले. कर्ज फिटले, पण पगाराची जबाबदारी तशीच राहिली.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. फौजेची गरजच नव्हती असे कसे म्हणता? १८१९ च्या जानेवारीत नव्हा येथील गढीत नौसाजी नाईक या हटकर सरदाराने ठाण मांडले होते. मेजर पिटमनच्या फौजेला ती गढी घ्यायला जवळजवळ महिना लागला आणि मोठी कत्तल झाली. पेंढारी, रोहिले, अरब यांच्या टोळ्या मुलूख लुटत होत्या. १८३० नंतर ठगांच्या बंदोबस्ताचे जे काम निजामाच्या राज्यात सुरू झाले त्यातही हिंगोलीचे नाव येते. छावणीच्या आसऱ्याने बाजार वाढला, कापसाची पेठ उभी राहिली. हे सगळे खरे आहे. पण फौज उपयोगी होती, एवढ्यावरून तिचा खर्च आणि तिची मालकी यांचा प्रश्न सुटत नाही. ही फौज निजामाच्या पैशावर होती आणि तिचे हुकूम रेसिडेन्सीतून निघत. गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि भत्ते निजामाच्या ऐपतीकडे पाहून ठरलेले नव्हते. कंटिंजंटचा वर्षाचा खर्च ४० लाखांच्या घरात गेला. आणि तहाने निजाम बांधलेला होता का, या प्रश्नाचे उत्तर खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने देऊन ठेवले आहे. १८४८ च्या आपल्या टिपणात त्याने स्पष्ट नोंदवले की १८०० च्या तहातल्या कलमामुळे ही फौज शांततेच्या काळातही ठेवणे निजामाला भाग आहे, असे उत्तर रेसिडेंटने द्यावे, ही सूचना प्रामाणिक माणूस म्हणून आपण कधीच करणार नाही. निजामाच्या बाजूचा याहून मोठा साक्षीदार मला दिसत नाही.

त्याच डलहौसीने पाच वर्षांनी त्याच फौजेच्या थकबाकीसाठी वऱ्हाड घेतले. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे सुमारे ५० लाख उत्पन्नाचे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांच्या वसुलातून ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखान्यांचा खर्च चालायचा आणि उरेल ते निजामाला मिळायचे. थकबाकी कंपनीच्या हिशेबाने ४३ लाखांच्या आसपास होती. पैनगंगेच्या अलीकडे हिंगोलीच्या छावणीतला स्वार आता पलीकडच्या वाशीम-अकोल्याच्या शेतसाऱ्यावर पगार घेऊ लागला. १८६० च्या तहात धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मात्र ‘विश्वस्त’ या नात्याने इंग्रजांकडेच राहिले. सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार दुसऱ्याचा, ही फारकत इथून सुरू होते.

डलहौसीच्या स्वतःच्या किताबांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण वारसाहक्काच्या दोन कल्पनांमधले अंतर तिच्यात उघडे पडते. साताऱ्याच्या आणि झाशीच्या राजांनी घेतलेले दत्तक वारस त्याने मानले नाहीत. नागपूरच्या तिसऱ्या रघूजीच्या पश्चात राणीला दत्तक घेऊ दिले नाही. औरस पुत्र नसेल तर राज्य वरिष्ठ सत्तेकडे परत जाते, हा त्याचा सिद्धांत. आपण त्याला नुसती लबाडी म्हणतो. पण तो ज्या समाजात वाढला तिथे किताबाला हाच नियम लागू होता आणि त्याने तो आपल्याला लावला. १८४९ साली पंजाब घेतल्यावर त्याला मार्क्विस हा वरचा किताब मिळाला, तो औरस पुत्रांपुरता. त्याला दोन मुलीच होत्या. डिसेंबर १८६० मध्ये तो वारला आणि मार्क्विसचा किताब त्याच्याबरोबर संपला. १६३३ पासून चालत आलेले डलहौसीचे अर्लपद मात्र चुलत भावाकडे, लॉर्ड पॅनम्यूरकडे गेले, कारण त्या जुन्या किताबाच्या वारसाची वाट रुंद होती. आपल्या घराण्यात चुलत भावाने वारस होणे त्याला गैर वाटण्याचे कारणच नव्हते. भोसल्यांच्या घराण्यात धर्मशास्त्राने आणि वहिवाटीने पुत्र मानलेला वारस मात्र त्याने नाकारला. राज्य हा सरकारने दिलेला किताब आहे असे धरून त्याने वतनाच्या समाजाला सनदेचा नियम लावला. हैदराबादेत निजामाला मुलगे होते, म्हणून तिथे हा नियम चालण्यासारखा नव्हता. तिथे कर्जाचा उपयोग झाला आणि त्यातून निजामाच्या हाती वऱ्हाडचे नाव तेवढे उरले.

पहिल्या सालारजंगाने वऱ्हाड परत मिळावे म्हणून आयुष्यभर खटपट केली. १८७६ मध्ये तो इंग्लंडला गेला, तिथे सत्कार झाले, ऑक्सफर्डने पदवी दिली, वऱ्हाड मिळाले नाही. शेवटी १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने महबूब अली खानाकडून वऱ्हाडचा कायमचा पट्टा वर्षाला २५ लाखांवर लिहून घेतला. पुढच्या वर्षी कंटिंजंट भारतीय लष्करात मिसळून टाकली आणि हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेच्या पगारासाठी मुलूख घेतला ती फौज निजामाची राहिली नाही, मुलूख मात्र परत आला नाही. तारण ठेवायचे कारण संपले आणि तारण कायमचे झाले, असा हा हिशेब आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात महबूब अलीला ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या सन्मानाचा सर्वोच्च दर्जा, जीसीबी, मिळाला. तेव्हाही त्याच्या जवळच्यांना आणि टीकाकारांना या दोन गोष्टींचा संबंध दिसलाच.

आणि हा कर्झन किताबांच्या कलमांचा किती बारकाईने उपयोग करून घेई ते पाहण्यासारखे आहे. १८९८ मध्ये व्हाइसरॉय होताना त्याने आयर्लंडच्या सरदारवर्गातले बॅरनपद घेतले, कारण त्या किताबाने हाउस ऑफ कॉमन्सचे दार बंद होत नव्हते. १९११ मध्ये तो अर्ल झाला, १९२१ मध्ये मार्क्विस. त्याला तीन मुली होत्या, मुलगा नव्हता. म्हणून १९११ च्या सनदांतच सोय करून ठेवली होती: रेव्हन्सडेलचे बॅरनपद मुलींकडे उतरेल, स्कार्सडेलचे व्हायकाउंटपद वडिलांच्या इतर पुरुष वंशजांकडे. १९२५ मध्ये तो वारला तेव्हा मार्क्विस आणि अर्ल हे किताब संपले, रेव्हन्सडेल थोरली मुलगी आयरीनकडे गेले आणि स्कार्सडेल पुतण्याकडे. आपल्या नावाचा एकेक तुकडा कुणाकडे जावा हे ज्याने इतके विचारपूर्वक ठरवले, त्याने निजामाकडून कायमचा पट्टा लिहून घेताना ‘कायमचा’ या शब्दाचे मोल ओळखले नसेल, असे मानता येत नाही.

उस्मान अली खानाने १९१८ मध्ये ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा इतर कोणत्याही संस्थानिकाला नसलेला मान मिळवला आणि १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. व्हाइसरॉय रीडिंगने मार्च १९२६ च्या प्रसिद्ध पत्रात ती मागणी फेटाळली आणि ब्रिटिश सत्तेपुढे कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही, असे बजावले. त्याच वर्षी रीडिंग मार्क्विस झाला. मग दहा वर्षांत असे काय घडले की वऱ्हाडचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले? घडला तो १९३५ चा कायदा. सगळ्या संस्थानिकांना एका संघराज्यात आणायचे होते आणि सर्वांत मोठा संस्थानिक निजाम. त्याला काहीतरी द्यायला हवे होते आणि जमीन द्यायची नव्हती. उरला किताब.

इथे दुसरा आक्षेप येतो: १९३६ चा करार इतका पोकळ नव्हता. गव्हर्नरच्या नेमणुकीबाबत निजामाचे मत घ्यायचे होते, वऱ्हाडात त्याचा झेंडा ब्रिटिश झेंड्याबरोबर लागणार होता, मध्य प्रांत सरकारकडे त्याचा प्रतिनिधी राहणार होता आणि २५ लाख सुरूच होते. कायद्याच्या भाषेत हे लहान नाही, मान्य. पण या यादीत वऱ्हाडच्या एकाही खेड्याच्या शेतसाऱ्याविषयी, शाळेविषयी, पोलीसठाण्याविषयी निजामाचा शब्द चालेल असे काही नाही. मग वऱ्हाडच्या जनतेला तरी निजाम हवा होता का, असेही कुणी विचारील. नव्हता, आणि हे मला महत्त्वाचे वाटते. पैनगंगेपलीकडे निवडून आलेली विधिमंडळे आणि मोकळी वृत्तपत्रे होती, अलीकडे यातले फारसे काही नव्हते. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला-बडनेऱ्याहून १८६० च्या दशकातच गेली होती. हिंगोलीला पूर्णेकडून आगगाडी यायला १९१२ साल उजाडले आणि तो रूळ पुढे वऱ्हाडाला न जोडता हिंगोलीतच थांबला. वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी निजामाच्या मागणीला विरोध केला तो याच अनुभवातून. पण म्हणून माझे म्हणणे ढळत नाही. किताब देताना वऱ्हाडच्या लोकांना विचारले गेले नाही आणि ज्या मुलखात फौजेची छावणी होती त्या मराठवाड्याच्या रयतेलाही विचारले गेले नाही. देणारा आणि घेणारा दोघांनीही त्या नावात माणसे राहतात हे हिशेबात धरले नाही.

तिसरा आक्षेप हैदराबादच्या बाजूने येऊ शकतो. निजामही दरसाल पोकळ किताब वाटतच होता, मग इंग्रजांनाच बोल का? याचे उत्तर वर दिलेल्या फरकात आहे. जंग किंवा दौला म्हणवून घेणारा अमीर आपण कुठल्या मुलखाचे आहोत असा दावा त्या नावाने करीत नसे. जहागीर असली तर ती वेगळ्या सनदेने असे आणि तिचा वसूल त्याच्या घरी येई. प्रिन्स ऑफ बेरार या नावाने मुलखावर हक्क सांगितला जात होता आणि त्याच करारात त्या हक्काचा वापर दुसऱ्याच्या हाती कायम केला जात होता.

किताब वारसाने कसा उतरायचा होता आणि कसा उतरला, यावरून त्याची ताकद जोखता येते. इंग्लंडच्या सरदारवर्गात वंशपरंपरेने बसलेला एकच भारतीय झाला, बंगालचा सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, १९१९ मध्ये रायपूरचा बॅरन. हे रायपूर बीरभूम जिल्ह्यातले खेडे. तो १९२८ मध्ये वारला तेव्हा मुलाला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळायला १९३९ उजाडले, कारण ज्या हिंदू विवाहात दुसरी पत्नी करणे शक्य होते त्या विवाहाची संतती औरस धरायची का, यावर लॉर्ड्सच्या समितीला निर्णय द्यावा लागला. निर्णय मुलाच्या बाजूने झाला. नियम जाचक होता, पण नियम होता. तो तपासणारी संस्था होती आणि तिचा शब्द सरकारला बांधत होता. म्हणून जमीन नसली तरी तो किताब उतरू शकला. प्रिन्स ऑफ बेरारच्या पाठीशी दोन राजसत्ता होत्या, आणि बारा वर्षांत दोन्ही गेल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये ब्रिटिश सत्ता संपली, सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर हैदराबादचे राज्य संपले. पुढच्या ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द करणारा हुकूम निघाला आणि हिंगोलीसारख्या तालुक्यांतल्या खेड्यांना त्याचा प्रत्यक्ष फरक पडला. किताबाच्या येण्याजाण्याने तसा फरक पडण्याचे कारणच नव्हते.

पुढे जे झाले त्याने इंग्रजी साच्याचा उरलासुरला आकारही मोडला. प्रिन्स ऑफ वेल्स जिवंत असताना त्याला ओलांडून त्याच्या मुलाला गादी मिळणे इंग्लंडच्या नियमात बसत नाही. आसफजाही रीत मात्र मोगलांकडून आलेली होती, तिथे थोरलेपणाइतकेच वजन राज्यकर्त्याच्या पसंतीला होते. उस्मान अली खानाने थोरल्या मुलाला बाजूला सारून नातू मुकर्रम जाह याला वारस ठरवले आणि २४ फेब्रुवारी १९६७ रोजी तो वारल्यावर भारत सरकारने मुकर्रम जाहलाच मान्यता दिली. ज्याला वारस म्हणून वऱ्हाडचे नाव मिळाले होते तो वारसच झाला नाही. आझम जाह १९७० मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यताच रद्द झाली. प्रिन्स ऑफ बेरार या किताबाचा पहिला धारक आणि शेवटचा धारक एकच.

छावणीचा वारसा याहून चिवट ठरला. कंटिंजंटच्या पलटणी भारतीय लष्करात गेल्या, १९२० च्या दशकात त्यांची हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. नव्ह्याच्या वेढ्याचा युद्धसन्मान या पलटणींच्या निशाणांवर होता. तिथे वारस रक्ताचा नसतो, पलटणीत भरती होणारा प्रत्येक शिपाई तो सन्मान चालवतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. तो जिल्हा हैदराबादेतून आणि वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून दोन्ही मुंबई राज्यात आले. कंटिंजंटच्या काळापासून दोन सरकारांत विभागलेले पैनगंगेचे दोन काठ त्या दिवशी एका राज्यात आले. त्यासाठी संसदेने केलेल्या कायद्यात वऱ्हाडच्या राजपुत्राचा कुठे उल्लेख करावा लागला नाही. तो तेव्हा हैदराबादेत हयात होता आणि हे नाव लावीत होता.